धुकं धरलेली लेन्स

तोक्योतल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात हातानाका रांगेत उभे होते आणि पुढचं म्हातारं जोडपं काउंटरवरून हलायचं नाव घेत नव्हतं. आजोबा आपल्या मिररलेस कॅमेऱ्याला एकेक लेन्स लावून खिडकीतून समोरच्या इमारतीचे फोटो काढत होते.

“कोपऱ्यातल्या टाइलसुद्धा मोजता येतात, सुमिए!”

“अहो, अंत्यविधी इमारतीचा आहे का? फुलांमध्ये ठेवायला फोटो माझा लागणार आहे.”

“अगं, आधी लेन्स पारखायला नको?”

“मग माझ्यावर पारखा.”

कॅमेरा खट्‌ वाजला.

“अगंबाई! ही कोण, माझी सासू?”

“तूच आहेस.”

“एवढ्या सुरकुत्या घेऊन मी फुलांमध्ये बसणार नाही. साहेब, दुसरी दाखवा.”

“आजी, ही एक आहे, पण आतल्या काचेवर धुकं धरलंय,” विक्रेता म्हणाला.

पुन्हा खट्‌.

“हीच! बघा, कशी साठीची दिसतेय!”

“ही नको.”

“अहो, जाणार मी आणि पसंती तुमची?”

बाई आजारी आहेत की नुसत्या हौशी, हातानाकांना काही उमगेना.

“तू जाशील गं. रोज सकाळी फोटोपुढे भाताची वाटी मला ठेवायचीय. तेव्हा काय धुक्याशी बोलू?”

विक्रेत्याने दोन्ही लेन्स हातात धरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“मग कोणती बांधू, आजोबा?”

“पहिली,” आजीच म्हणाल्या. “आणि अहो, थांबा, भांग नीट करते. पुन्हा काढा.”