मॅडम बर्तोंचं कपाटातलं वाद्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय श्रीपादराव, प्रमुख पाहुण्या वसुधाताई, व्यासपीठावर शाल सावरत बसलेल्या आमच्या सत्कारमूर्ती मॅडम सोलांज बर्तो, आणि बॉबलिंगेनपासून पार कोलोनपर्यंतच्या गावांहून रविवार मोडून आलेल्या रसिकहो,

मी शमिका देवस्थळी. मॅडमची विद्यार्थिनी ईप्सिता, तिची आई. ईप्सिता मॅडमशेजारी बसून माझं बोलणं त्यांना जर्मनमध्ये सांगते आहे. पालकांच्या वतीनं दोन गोड शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. लिहूनही आणले होते. पण तो कागद पर्समध्येच राहू दे.

मॅडम मंगळवारी लिऑनला परत जाताहेत, कायमच्या. वैभवीनं मघाशी त्यांचा छान परिचय करून दिला. बत्तीस वर्षं इथल्या वाद्यवृंदात फागॉट वाजवलं, म्हणाली. बरोबर आहे. पण फागॉट हे त्यांचं वाद्यच नव्हे, हे इथं किती जणांना माहीत आहे?

फागॉट म्हणजे ते छातीइतकं उंच लाकडी वाद्य. सनईसारखी वेताची पत्ती लावून फुंकायचं. त्याचीच फ्रेंच बहीण म्हणजे बासों. दिसायला सारखी, पण बोटं वेगळी आणि आवाज तर अगदीच वेगळा, कुणी शेजारच्या खोलीत स्वतःशीच गुणगुणावं तसा. मॅडम अकराव्या वर्षापासून बासों वाजवायच्या. एकोणतिसाव्या वर्षी इथं नोकरीला आल्या, तर सांगण्यात आलं की इथं जर्मन वाद्यच चालतं. वर्षभर रडत रडत त्यांनी बोटांना नव्या जागा शिकवल्या. बासों कपाटात गेला.

गेल्या शुक्रवारी त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. मी होते तिथं. मॅडमनी फक्त एक मागणं मागितलं होतं. शेवटी चार मिनिटं मला माझा बासों वाजवू द्या, एकटीला. वाद्यवृंदाचे व्यवस्थापक काय म्हणाले असतील? "त्याचा आवाज इतरांत मिसळत नाही." अहो, एकट्यानं वाजवायचं, तर मिसळायचं कशात? बत्तीस वर्षं एका बाईनं तुमच्यात मिसळून दाखवलं, तेवढं पुरलं नाही तुम्हाला? मग दिलगिरी व्यक्त केली आणि नंतर त्यांना फुलांचा गुच्छ दिला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

टाळ्या नकोत, श्रीपादराव. आता आपल्या मंडळाची पाळी आहे.

आपल्या कपिलनं केलेली कार्यक्रमपत्रिका वाचते. सत्कार, मनोगतं, मुलांचा नाच, मग "मॅडमचं वादन, वेळ उरल्यास", आणि मग अल्पोपहार. वेळ उरल्यास! कपिल, मान खाली घालू नकोस. तू वाईट नाहीस. पण हॉल आठ वाजता रिकामा करायचा आहे, आणि साबुदाणावडे वेळ उरल्यास नाहीत, ते नक्की आहेत. आणि त्यांना निरोप काय धाडलात? एखादं ओळखीचं हिंदी गाणं वाजवाल का!

काय गं ईप्सिता? मॅडम काय विचारताहेत?

आई कोणावर चिडली आहे, असं विचारताहेत. आणि हिनं उत्तर दिलं, "आउफ आले." सगळ्यांवर. गेनाऊ, अगदी बरोबर. पण त्या सगळ्यांत मीही येते, हे सांगितलंस का? नाही ना? मग आता सांग. आणि आटोपतं घेऊ नकोस.

पाच वर्षांपूर्वी त्सुफेनहाउझेनच्या त्यांच्या घरी ईप्सिताचा क्लास होता. मॅडमनी कपाटातून बासों काढला आणि तिला दोन मिनिटं वाजवून दाखवला. ही म्हणाली, मला हेच शिकायचंय. मॅडमचा चेहरा इतका उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. आणि मी, सुशिक्षित पुणेकर आईनं, काय विचारलं? "हे स्पर्धेला चालतं का?" नाही म्हणाल्या. "मग कशाला वेळ घालवायचा?"

त्यांनी बासों त्याच्या पेटीत ठेवून ती बंद केली. त्या व्यवस्थापकांनी निदान दिलगिरी तरी व्यक्त केली होती. मी घड्याळ बघितलं. पाच वर्षं ते मला आठवतं, आणि पाच वर्षं मी दर दिवाळीला त्यांना चकल्यांचा डबा देऊन गप्प बसते. लाज वाटते मला माझी.

म्हणून आज सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन विनवणी केली. तो बासों इथं पडद्यामागे आहे. पत्ती भिजत घातली आहे. अध्यक्षांचं भाषण आणि मुलांचा नाच नंतर बघू. हॉलचं दार लावा, कढईखालचा गॅस बंद करा, आणि मोबाईल खिशात ठेवा. चित्रीकरण नको, नुसतं ऐका.

मंडळानं मला बोलायची संधी दिली, श्रोत्यांनी ओरडा खाऊनही ऐकून घेतलं, सर्वांची मी आभारी आहे. अध्यक्षमहाराज, माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते पोटात घाला.

मॅडम, तुम्ही मात्र आता काहीही पोटात घालू नका. वाजवा.