क्लाराची पयली रायफल

मी मूळची इन्सुलीची. रानडुकरांका पळवूक आमच्या घरात परवान्याची बंदूक होती, भितीक टांगलेली, आमका पोरांका तिच्याकडे बघूक पण बंदी. लगीन होवन देवबागाक इलंय, घोव बोटीवर नोकरीक, मी दोन खोलये पावण्यांका देतंय, तेंका जेवण करून घालतंय. बंदुकेशी संबंध संपलो असा वाटलेला, आणि काय सांगू तुमका, माझ्याच चेडवाक, माझ्या लेकीक क्लाराक, तेचा येड लागला!

शाळेत एक सुभेदार येयत, मिलिटरीतसून रिटायर, मुलांका नेमबाजी शिकवीत. क्लारा तेवा बारा वर्सांचा, काटकुळा, डावरा. सुभेदार माका म्हणाले, बाय, हेका आता स्वताची छर्‍याची रायफल होयी, पण हेच्या अंगाक बसात अशी बघूया.

तेंच्याबरोबर कोल्हापुराक गेलंव. दुकानदारान एक लांब, काळी, चकचकीत काढल्यान. घोव बोटीवरसून फोनात बघी होतो, म्हणता, हीच घे, चेडू वाढतला. सुभेदारांनी क्लाराक सांगल्यानी, डोळे मिट, खांद्याक लाव, आता उघड. नळी खाली झुकलेली, गाल दस्त्याक पोचना नाय. मगे एक आखूड, लाकडी दस्त्याची, डावर्‍या हाताची, कोणीतरी वापरलेली. क्लारान डोळे उघडल्यान आणि हसला, मम्मी, हय माका मान वाकडी करूची लागना नाय.

घोव म्हणता, जुनी कित्या? लोक काय म्हणतले? चेडवान फोन माझ्या हातातसून घेतल्यान, पप्पा, लोक खंय नेम धरतले, मी धरतलंय. आणि तीच घेतली.

नाताळाक घोव घराक इलो. घर पावण्यांनी भरलेला, मी वडे तळतंय, आणि ह्यो रायफल काढून ऐटीत फिरवता, नळी थेट नणंदेच्या तोंडार. सगळे हसतत. क्लारा जेवणावरसून उठला. पप्पा, नळी जमनीकडे. अगो, रिकामी आसा. रिकामी आसली तरी, पप्पा.

घोव तापट, तेका आमच्या घरात उलटा कोण बोलणा नाय. तेणा चेडवाकडे बघल्यान, नळी खाली केल्यान आणि म्हणालो, बाय, कशी धरूची ता माका दाखय. मगे घरासमोरच्या खळ्यात चेडू बापाशीचा कोपर सरळ करता आणि बापूस ऐकता! माझे वडे करपले, पण मी थयसून हललंय नाय.

पुढे क्लारा जिल्ह्यात तिसरा इला, राज्याच्या स्पर्धेक जावन रिकाम्या हातान परत इला, रडला, आणि दुसर्‍या दिवशी सरावाक गेला. आता कॉलेजात आसा, क्लबाच्या पॉइंट टू-टू, खर्‍या गोळ्येच्या रायफलीन खेळता. मी मागसून बघतंय. तेचो खांदो हलणा नाय, श्वास खंय जाता कळणा नाय. इतका शांत चेडू माझ्यासारख्या बडबडीच्या पोटाक कसा इला, देव जाणे. तो तेका असाच ठेवूदे. माका काय, गोळी सुटूच्या वेळेक मी आपली रोजार, जपाची माळ, धरून बसतंय, डोळे मिटून.