रविवारची गोळी

मंडळी, तात्यांच्या शोकसभेला तुम्ही सगळे हातातली कामं टाकून आलात. मुंबईची माणसंही आलीत. बोलायला मला उभं केलंय, कारण घरात शिकलेली मी एकटीच. पण मान वर होत नाहीये. थोडं सांभाळून घ्या.

आत्ता सरपंचकाका म्हणाले, "पुतणीनं चुलत्याची फार काळजी घेतली. दर रविवारी तात्यांचं प्रेशर तपासायची." ते ऐकताना मला इथून उठून जावंसं वाटलं.

तपासायचे मी, खरं आहे. लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा मशीन आणलं. रविवारी सकाळी तुम्ही आमच्या पडवीत जमायचात. मी पट्टा बांधायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे. सगळ्यांदेखत. पहिल्याच रविवारी तात्यांचा आकडा सगळ्यांत वर. कुणीतरी ओरडलं, "तात्या, पैला नंबर तुमचा!" सगळे हसले. मीही हसले. तात्या हसले नाहीत. शर्टाची बाही खाली ओढून आत गेले.

पुढच्या रविवारपासून आकडा चांगला यायला लागला.

"काय गो, पास का नापास?"

"पास, तात्या! डिस्टिंक्शन!"

मग ते सगळ्यांकडे बघत मिशीवरून हात फिरवायचे. आठवतंय ना?

मंडळी, गोळी ते फक्त रविवारी घ्यायचे. काकूनं मला सांगितलंही होतं, "रविवारीच घेतात गो. चारचौघांत लाज जायला नको म्हणून." मला त्याचं हसू आलं. म्हटलं, "असू दे काकू, आकडा तर चांगला येतोय ना." मी म्हटलं हे. शिकलेल्या मी.

आकडा त्या घटकेचा असतो. शरीर मागचं सगळं धरून ठेवतं.

आपली खालच्या वाडीची पाखाडी बघा. दगडी वाट, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, परड्यांच्या कुंपणभिंती. तात्या गवंडी, त्यातले कितीतरी त्यांनीच रचलेले. पावसाचं पाणी जोरानं येतं, म्हणून ज्यानंत्यानं गडगा जाड केला. आपल्या परड्यातली जागा कोण सोडतो? नवी ओळ वाटेच्या बाजूला. परडं वाचलं, वाट अरुंद झाली, आणि पाणी अजूनच चढायला लागलं.

अंगातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं असंच होतं. दाब सतत जास्त राहिला, की पुढचा नाजूक भाग वाचवायला त्या आपल्या भिंती जाड करतात. जाडी आतल्या अंगाला सरकते. रक्ताची वाट बारीक होते, भिंत कडक होते, दाब आणखी चढतो. मेंदूत, मूत्रपिंडात, डोळ्याच्या पडद्यात. दुखत नाही, खुपत नाही. आणि सोमवार ते शनिवार जाड झालेली भिंत रविवारच्या एका गोळीनं पातळ होत नाही. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं. पडवीत नाही सांगितलं.

तात्यांच्या मेंदूतली तशीच एक वाहिनी फुटली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज घेत होते ना?" घरच्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी मान हलवली. हो म्हणून. तात्या चारचौघांत लाजले, मी डॉक्टरांसमोर. त्यांनी निदान स्वतःचं लपवलं.

हे आज का सांगते? काल आमच्याच घरातल्या एका माणसाला मी पट्टा बांधला. आकडा छान आला. विचारलं, "गोळी कधी घेतलीत?" त्यांनी शर्टाची बाही खाली ओढली. नाव सांगणार नाही. ते इथेच बसलेत, त्यांना कळलंय. तुमच्यातही असे असतील.

त्यांना माझं एवढंच मागणं आहे. गोळी रोज घ्या, माझ्या मशीनसाठी नको. आणि चुकली तर चुकली म्हणून सांगा. वाईट आकडा घेऊन या माझ्याकडे. एकेकट्यानं या, मी दार लोटून घेईन. मला अजून एक माणूस त्या पाखाडीतून खांद्यावरून गेलेला बघायचा नाही.

आता आपण उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

तात्या, बाही खाली ओढू नका. मी आता आकडा हळू वाचते.