‘संस्कृती कळत नाही’ हा माझा शेरा

रोहिणीचे वडील नाना, आई अक्का, तिचे कारखान्यातले सहकारी, माझे सहाध्यापक आणि विद्यार्थी मित्रहो,

पारोळ्याहून, धुळ्याहून आपण आलात. जागा अपुरी पडली, काही जण उभेच आहेत. जळगावच्या या सभागृहात मी अनेकदा बोलले, आणि कधीही कागद घेऊन बोलले नाही. आज कागद आणला आहे. आज एखादं वाक्य सुटलं, तर ते पुन्हा उचलण्याचा धीर मला होणार नाही.

रोहिणी माझी विद्यार्थिनी. पारोळ्याजवळच्या शेतकरी घरातली. व्यवस्थापनाच्या पदवीबरोबर तिनं जर्मन घेतलं; ती भाषा आणि तिथली संस्कृती मी शिकवते. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली. तिच्या गुणांविषयी आधीचे वक्ते बोलले. मी माझ्या एका चुकीविषयी बोलणार आहे.

जर्मनमध्ये जवळच्या माणसाला ‘डू’ म्हणतात, म्हणजे तू. परक्याला, ग्राहकाला ‘झी’, म्हणजे आपण. व्यवहाराच्या पहिल्या भेटीत ‘डू’ म्हणणं ही चूक आहे. आजही मी तिला चूकच म्हणेन.

शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा होती, साऱ्या वर्गासमोर. मी जर्मन ग्राहक, रोहिणी विक्री अधिकारी. किंमत, मुदत, वाहतूक, सगळं ती बोलली. वाक्यरचना निर्दोष. क्रियापद जिथल्या तिथे. आणि मला ‘डू’! एकदा नव्हे, अखेरपर्यंत ‘डू’!

मी विचारलं, “मी तुझी मैत्रीण आहे का?”

“नाही मॅडम. ग्राहक आहात.”

“मग?”

“मॅडम, आमच्याकडे ज्याला मानतात त्यालाच तू म्हणतात. आबाला तू, नानाला तू. एकदा मी शाळेतून शिकून आले आणि नानाला ‘तुम्ही’ म्हटलं, तर तो म्हणाला, ‘मी काय पाव्हना शे का?’ धुळ्याच्या बाजारात कापडाचा दुकानदार पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकालाही म्हणतो, ‘ये भाऊ, बस.’ ते गिऱ्हाईक मग दुसरीकडे जात नाही.”

वर्ग हसला. मी हसले नाही. म्हटलं, “जर्मनी पारोळा तालुक्यात येत नाही.”

मी गुण कापले. ते योग्यच होतं. पण मी तेवढ्यावर थांबले का? नाही. त्या वर्षी एका विद्यार्थ्याला एका सत्रासाठी जर्मनीला पाठवायचं होतं. रोहिणीच्या अर्जावर मी शेरा लिहिला: “भाषा येते. संस्कृती कळत नाही. शिफारस करता येत नाही.” तीन वाक्यं. दुसरा विद्यार्थी गेला. रोहिणी इथंच राहिली.

तिनं तक्रार केली नाही. औद्योगिक वसाहतीत पाइप बनवणाऱ्या कारखान्याच्या निर्यात विभागात ती लागली. एका जर्मन ग्राहकाशी दोन वर्षं पत्रव्यवहार केला. एक दिवस तिचा फोन आला.

“मॅडम, आज डू झालं!”

मी पहिला प्रश्न काय विचारला? अभिनंदन नाही. मी विचारलं, “‘डू’ म्हणू या असं सुचवलं कोणी? तू तर नाही ना?”

“नाही हो मॅडम, त्यांनीच. वयानं मोठ्या माणसानं सुचवायचं असतं, तुम्हीच शिकवलं ना? दोन वर्षं ‘झी’ लिहिलं मी. हात दुखला!” आणि हसत हसतच तिनं विचारलं, “मॅडम, तो शेरा आता काढता येईल का?”

मी म्हटलं, “दप्तरातले शेरे काढत नसतात.”

“बरं,” ती म्हणाली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मला वेळ नव्हता, असं मी म्हणू शकते. ते खरं नाही. वेळ होता. मला माझं अक्षर खोडायचं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. काय बोलावं ते जुळवून नेलं होतं. ओसरीवर अक्का होत्या. त्यांच्या घरावर आकाश कोसळलेलं, आणि त्या मला म्हणाल्या, “बस माय. च्या ले.” मी पुण्याहून इथे आले त्याला वीस वर्षं होत आली. इतक्या मानानं मला कोणी बसवलं नव्हतं. जुळवून नेलेलं बाजूला ठेवून मी बसले. मी चहा घेतला.

मित्रहो, संस्कृती कोणाला कळत नव्हती?

रोहिणीला दोन्ही घरांच्या रीती कळत होत्या. कोणाच्या दारात काय म्हणायचं, हे ती परीक्षेत चुकली आणि पुढं स्वतः शिकली. मला एकाच घराची रीत माहीत होती, आणि मी परीक्षक होते.

तोंडी माफी मी विद्यार्थ्यांकडूनही कधी स्वीकारली नाही. म्हणून आज सकाळी मी प्राचार्यांना लेखी दिलं आहे. जुना शेरा तसाच राहील; खोडलेला कागद खोटा वाटतो. त्याच्याखाली माझ्या सहीनं नवा शेरा आहे. तो वाचते.

“वरील दुसरं वाक्य चुकीचं आहे. विद्यार्थिनीची शिफारस करायला हवी होती. ही दुरुस्ती तिच्या हयातीत झाली नाही; तो दोष परीक्षकाचा.”

नाना, अक्का, याची एक प्रत तुमच्यासाठी आणली आहे. ती घ्यावी की नाही, हे तुम्ही ठरवा.

आता रोहिणीसाठी आपण सारे उभे राहू या. अक्कांनी बसूनच राहावं. एक मिनिट, पूर्ण एक मिनिट. तोवर कोणीही खुर्ची सरकवू नये.