फोटोपुरतं अंगण

मुलगी : बाबा, ठेवा ना आता तो पाइप. गेली त्यांची गाडी.

बाबा : गाडी गेली म्हणून झाडांची तहान गेली का? ही तुझी पेटुनिया बघ, माना टाकल्यात सगळ्यांनी. संध्याकाळी रोपवाटिकेत परत द्यायचीत ना? मेलेली रोपं घेतील का ते?

मुलगी : बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय.

बाबा : बोला, मॅडम.

मुलगी : असं नका ना म्हणू.

बाबा : मग काय म्हणू? माळ्याने मालकिणीला काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नाही. चाळीस वर्षं लोकांचे नळ आणि मोऱ्या दुरुस्त केल्या. तिथे 'ताई' म्हटलं की भागायचं.

मुलगी : मोठ्या मॅडमनी एकदम विचारलं हो, 'हे कोण?' आणि माझ्या तोंडून निसटलं, 'माळीबुवा.'

बाबा : एकदा निसटलं, मान्य. मग त्या फोटोवाल्याला सांगितलंस, तेव्हा दुसऱ्यांदा निसटलं. आणि 'माळीबुवा, जरा ती खुर्ची सावलीत सरकवा' हे तिसऱ्यांदा. तोंड आहे का वायसर गेलेला नळ?

मुलगी : एकदा बोलल्यावर मागे कसं घेणार होते मी? ऑफिसची सगळी माणसं समोर.

बाबा : म्हणून तर मी सरकवली खुर्ची. चांगली सरकवली. तुझ्या मॅडम म्हणाल्या, 'माणूस कामाचा दिसतोय.'

मुलगी : तुम्ही तिथेच का नाही बोललात? 'मी हिचा बाप आहे' म्हणायचं होतं. माझी लाज निघाली असती तर निघू द्यायची होती.

बाबा : तुझी लाज काढायला मी काय परका आहे?

मुलगी : बाबा...

बाबा : हे धर, पाइपचं तोंड धर. कुंड्यांच्या बुडाशी सोड, पानांवर नको. दुपारच्या उन्हात पानांवर पाणी पडलं की डाग पडतात. हां, असं. ह्या कुंड्या बाकी सुरेख आहेत हं. आणि त्या पिवळ्या उशा. आपलं अंगण ओळखू येत नाही.

मुलगी : उन्हाळ्याच्या अंकासाठी 'घरचं अंगण' हवं होतं त्यांना. फोटोसाठी. त्यात नुसत्या मातीच्या कुंड्या आणि वेताच्या खुर्च्या दाखवायच्या होत्या, म्हणून तुमची ती... ती तुमची झाडं मागे न्यायला सांगितली.

बाबा : झाडं नाही, भांडी म्हण. झाडांची लाज कोणाला वाटते? चिनी गुलाब मोत्याच्या ताटात लावला काय नि जुन्या कमोडमध्ये लावला काय, त्याला काय कळतंय. दहा वाजले की उमलतो बिचारा. आजही उमलला. नेमका तेव्हाच तो फोटोवाला हात धुवायला मागे आला.

मुलगी : मला माहितीये तुम्ही काय सांगणार.

बाबा : मी काही सांगत नाही. तोच म्हणाला, 'हे काय, इथे बसून फुलं बघायची का?' विनोद बरा होता. मलाही हसू आलं असतं. पण त्याआधी तूच हसलीस.

मुलगी : हसले. हो, हसले मी. त्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. आणि मॅडमनी विचारलं, कोणाची ही कल्पना, तर म्हटलं, 'माळीबुवांचं असतं काहीतरी.' अजून तो आवाज कानात आहे माझ्या. स्वतःचीच किळस यावी असा आवाज.

बाबा : आवाज चांगलाच आहे तुझा. लहानपणी त्या निळ्या बेसिनसमोर स्टुलावर उभी राहून चूळ भरताना गाणी म्हणायचीस, ती शेजारच्या जिन्यात ऐकू जायची.

मुलगी : तेच बेसिन का ते? पुदिना लावलाय ते?

बाबा : भाड्याची खोली सोडली तेव्हा मालक फेकून देणार होता. मी काढून आणलं. काल मागे नेताना कोपरा उडाला त्याचा. बघू, पांढरं सिमेंट भरतो.

मुलगी : मला का नाही सांगितलंत?

बाबा : तू कुंड्या पुसून पुसून चमकवत होतीस. म्हटलं, कामात आहे पोर.

मुलगी : मी ऑफिसात सांगून ठेवलंय बाबा, वडील बांधकामात आहेत म्हणून. पहिल्याच आठवड्यात. सगळ्यांचे वडील कोणी ना कोणी होते. आणि हे घरही ओळखीच्यांचं आहे म्हणून सांगितलं.

बाबा : बांधकामातच की. नळ नसलेलं बांधकाम बघितलंयस कुठे? आणि घर ओळखीच्यांचं, हेही खरंच. आपली ओळख आहे ना थोडीफार.

मुलगी : तुम्ही चेष्टा करताय आणि मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटतंय.

बाबा : जाऊ नकोस. खाली पाण्याची लाइन आहे. बरं, ते चहाचं विचारायचं होतं.

मुलगी : चहाचं काय?

बाबा : त्यांना ट्रेमध्ये दिलास. ते बरोबर. मला स्टीलच्या ग्लासात, पायरीवर ठेवून गेलीस. माझा तो कान तुटलेला कप आत फळीवरच होता. नजरेला पडला नाही का?

मुलगी : पडला होता.

बाबा : पडला होता होय. मग ठीक.

मुलगी : हातात घेतलाही होता. मग वाटलं, माळ्याला घरातला कप दिला तर मॅडम विचारतील. म्हणून परत ठेवला. मी काय माणूस आहे हो, बाबा? एवढं डोकं चालवलं मी. एवढं थंड डोक्याने.

बाबा : साखर मात्र बरोबर घातली होतीस. अर्धा चमचा. नवख्या माळ्याची साखर कशी ठाऊक, हे कोणी विचारलं नाही, हे नशीब. रडू नकोस. पाइप हलतोय, रस्त्यावर पाणी जातंय.

मुलगी : आणि ते रविवारचं? मॅडम जाता जाता तुमच्याशी काय बोलत होत्या?

बाबा : त्यांच्या अंगणात वेल धरत नाहीये. बुडाशी पाणी साचतं म्हणाल्या. उतार चुकला असणार. रविवारी सकाळी येतो म्हटलं.

मुलगी : तुम्ही 'हो' म्हणालात? माळी म्हणून?

बाबा : माणूस म्हणून म्हणालो. पुढचं तू ठरवलं होतंस.

मुलगी : तुम्ही जायचं नाही. मी सांगते त्यांना, गावाला गेले, आजारी पडले...

बाबा : अजून एक? आणि शब्द दिलाय मी. आजवर कोणाचा नळ गळत ठेवला नाही, आता वेल कशाला बुडवू? फाटक वाजलं बघ. आई आली. डोळे पूस.

आई : अगंबाई! हे आपलंच घर ना? दिवे काय, उशा काय! बोलता येत नाहीये गं धड, अर्धा गाल बधिर केलाय त्या दातांच्या डॉक्टरने. गेली का तुझी मंडळी? सांगा, सांगा, कसं झालं सगळं?

बाबा : झकास. फोटोवाला तर म्हणाला, असं अंगण शोधून सापडायचं नाही.

आई : आणि यांची ओळख करून दिलीस ना? म्हटलं, मी नाही तर निदान हे तरी आहेत. धुतलेला शर्ट काढून ठेवला होता मी. हे काय, तुम्ही जुनाच घातलात?

बाबा : मातीत हात होते. ओळख झाली की. मॅडम मला रविवारी घरी बोलावून गेल्या.

आई : बघ! आणि ही आठवडाभर नुसती घाबरत होती. यांचाही फोटो काढला का?

बाबा : काढला असेल. मी पाणी घालत होतो.

आई : हा ग्लास पायरीवर कोणाचा? कप कमी पडले का? सहा नवे घेतले होते ना?

बाबा : माझाच गं. मीच म्हटलं, उगाच कप मातीने भरेल.

मुलगी : नाही आई. खोटं आहे ते. माझ्यासाठी बोलतायत ते.

बाबा : ठमे, राहू दे.

मुलगी : मी बाबांची ओळख माळी म्हणून करून दिली. सगळ्यांसमोर. खुर्च्या सरकवायला लावल्या. चहा पायरीवर दिला. त्यांच्या झाडांना सगळे हसले तेव्हा मीही हसले.

( आई ग्लास उचलते. )

आई : म्हणून दातांच्या डॉक्टरची वेळ आजचीच घेतलीस का गं? महिनाभर तो दात दुखतोय, तेव्हा नाही सुचलं. आज सकाळी स्वतः रिक्षा आणलीस माझ्यासाठी. म्हटलं, किती काळजी आईची.

मुलगी : हो. तूही नको होतीस मला आज. तू बोलली असतीस, 'हे आमचे.' तू लगेच बोलली असतीस.

आई : बोललेच असते. त्यात लपवण्यासारखं काय आहे? सगळ्या गल्लीच्या घरांत यांच्या हातचं पाणी येतं.

बाबा : झालं. आता तिला अजून नको बोलूस. गाल बधिर आहे तुझा.

आई : गाल बधिर आहे, मी नाही. जेवून घ्या चला. मला कोणाशी बोलायचं नाही आत्ता.

मुलगी : आई, थांब. बाबा, तुमचा तो फोन द्या. माझा आत चार्जिंगला आहे. आत गेले तर परत बाहेर यायचा धीर होणार नाही मला.

बाबा : कोणाला लावतेयस? अगं, नोकरी आहे ती. सोमवारी सावकाश बोल. समोरासमोर.

मुलगी : सोमवारपर्यंत रविवार येऊन जाईल, बाबा. तुम्ही घमेलं घेऊन त्यांच्या दारात उभे राहाल. नंबर पाठ आहे मला. हॅलो, मॅडम? मी बोलतेय. हा बाबांचा नंबर आहे... हो, रोपं ठीक आहेत. रविवारचं बोलायचं होतं. ते येणार आहेत. पण ते माळी नाहीत, मॅडम. माझे वडील आहेत... हो, सख्खे. घरही ओळखीच्यांचं नाही, आमचंच आहे... नाही, बांधकामात नाही, नळांची कामं करायचे. मीच खोटं सांगितलं होतं, सुरुवातीपासून. मागची ती सगळी झाडं त्यांची आहेत, आणि मी तुमच्याबरोबर हसले... हो. ऐकतेय... तुम्ही विचारलं होतंत त्यांना? मुलंबाळं किती म्हणून?

आई : काय म्हणतायत गं त्या?

बाबा : ठमे, ते सोड. मी आपलं सहज बोलून गेलो. ठेव फोन.

मुलगी : 'एकच मुलगी आहे, लांब असते.' असं म्हणाले?... नाही, मॅडम. ते खोटं नाही बोलले.