पैलवानाचा टॉवेल

कंडक्टरबाई: म्हणजे? तो टॉवेल तुम्ही वापरलात?

चष्मेवाला: हो. दहा दिवस. एकही दिवस चुकवला नाही.

कंडक्टरबाई: कशाला पण?

चष्मेवाला: अंग पुसायला. टॉवेल आणखी कशाला वापरतात?

कंडक्टरबाई: अहो, तो माझ्या चेकरचा टॉवेल होता! महिनाभर त्यावर झोपवलं मी माझ्या मांजरीला.

चष्मेवाला: तरीच. जरा केसाळ वाटला मला.

कंडक्टरबाई: जनावरांचे डॉक्टर काय म्हणाले होते? नव्या घरी जाण्याआधी मांजरीचा वास कुत्र्याला द्या, कुत्र्याचा मांजरीला. म्हणजे समोरासमोर आले की एकमेकांचे गळे धरणार नाहीत. कुत्र्याला द्या म्हणाले, कुत्र्याला! तुमच्या पैलवानाला!

चष्मेवाला: मी कुठं होतो तेव्हा डॉक्टरांकडे? तुम्ही दुकानात आलात, पिशवी काउंटरवर ठेवलीत आणि म्हणालात, ‘रोज वापरायचा, विसरायचं नाही. आणि धुवायचा अजिबात नाही.’ मागं लोक रांगेत उभे, तुम्ही आलात तशा गेलात.

कंडक्टरबाई: मग माणूस विचारतो, बाई, हा कुणासाठी?

चष्मेवाला: लग्न ठरलेल्या बाईनं पहिल्यांदाच काहीतरी दिलं. वाटलं, प्रेमानं दिलं असेल.

कंडक्टरबाई: न धुतलेला?

चष्मेवाला: वाटलं, तुमच्या घरची रीत असेल. या वयात माणूस फार चौकशा करत नाही हो. समोरची बाई विचार बदलते.

कंडक्टरबाई: खाज नाही सुटली?

चष्मेवाला: सुटली की. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचो आणि तेवढ्यात दाराच्या चौकटीला पाठ घासून घ्यायचो. एक आजोबा म्हणाले, ‘मला लांबचं नीट दिसत नाही, पण जवळ कुणीतरी अस्वल आहे.’

कंडक्टरबाई: हसवू नका. मला राग आलाय. मी माझं काम चोख केलं. पैलवानाची चादर नेली, चेकरच्या ताटलीखाली घातली. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडे असं बघितलं, जशी मीच विनातिकीट. चार दिवसांनी त्याच चादरीवर बसून जेवायला लागली. आमची बाजू तयार. आणि तुमच्या पैलवानाला मांजर म्हणजे काय ते ठाऊकही नाही.

चष्मेवाला: पैलवान गरीब आहे हो. अंगानं वासराएवढा, पण फुगा फुटला तर माझ्या मांडीवर येऊन बसतो.

कंडक्टरबाई: घाबरट तेच आधी चावतं. पंचवीस वर्षं बसमध्ये माणसं बघितलीत मी. नाही जमायचं हे. आपलं ठरलंय ना? चेकरचं इथं पटलं नाही, तर रविवारी मी परत. माझी खोली बहिणीनं तोवर राखून ठेवलीय.

चष्मेवाला: चेकरचं पटलं नाही तर, की तुमचं?

कंडक्टरबाई: आम्ही दोघी एकच.

चष्मेवाला: लग्नाच्या कागदावर सही मात्र एकीचीच आहे.

कंडक्टरबाई: तुम्ही आधी तो पट्टा घट्ट धरा. चेकर आतल्या खोलीत आहे, दार लावलंय. चार दिवस ते दार उघडायचं नाही. चार दिवस म्हणजे चार दिवस.

टेम्पोवाला: मावशी, गादी कुठं टाकू? डोक्यावर आहे, लवकर बोला. मान चाललीय आत.

चष्मेवाला: इथं बरी की आत बरी? तसं बघितलं तर इथं उजेड जास्त, पण आत...

कंडक्टरबाई: अहो, भिंगं बदलताय का? ही बरी की ही बरी! दादा, तुम्ही असं करा...

टेम्पोवाला: तुमचं होईस्तोवर टाकतो आतल्या खोलीत.

कंडक्टरबाई: आत नको! आत नको म्हटलं ना! उघडलं बघा दार या माणसानं!

टेम्पोवाला: आत अंधार आहे मावशी. बटण सापडेना, गादी वळेना. आलो परत. काय झालं? असं काय बघताय दोघं?

कंडक्टरबाई: दादा, हलू नका.

टेम्पोवाला: का? पाल?

कंडक्टरबाई: नाही नाही. मला एक सांगा, तुम्हाला मांजराचं काही वावडं नाही ना?

टेम्पोवाला: मांजर? मावशी, वाघ आणा, त्याला कडेवर घेऊन जिना चढतो. पण मांजर नको. लहानपणी झोपेत छातीवर येऊन बसलं होतं एक. तेव्हापासून नुसतं दिसलं तरी हातातलं टाकून पळतो मी. का विचारताय?

चष्मेवाला: सहज.

टेम्पोवाला: डोक्यावर गादी घेतलेल्या माणसाला कुणी सहज विचारतं का?

कंडक्टरबाई: आता हळूहळू खाली बसा. हळूहळू. स्टॉपवर गाडी लागते तसं.

टेम्पोवाला: ही गादी वरच्या वर हलतेय.

चष्मेवाला: वारा आहे.

टेम्पोवाला: वारा घुरघुरतो?

कंडक्टरबाई: खूश झाली की घुरघुरते ती. उंचावरून सगळं दिसतं ना.

टेम्पोवाला: कोण खूश झाली?

चष्मेवाला: पैलवान, बस! खाली बस! वर बघू नको रे बाळा, माझ्याकडे बघ!

टेम्पोवाला: वर काय आहे? काका, वर काय आहे?

(धाडकन आवाज. एक किंकाळी. भांडी घरंगळतात. मग सगळं शांत.)

कंडक्टरबाई: अहो, आहात का तुम्ही?

चष्मेवाला: आहे. गादीखाली. तशी मऊ आहे.

टेम्पोवाला: मला उतरवा कुणीतरी.

चष्मेवाला: तुम्ही फ्रीजवर कसे चढलात?

टेम्पोवाला: ते मला माहीत असतं तर उतरलो नसतो का?

कंडक्टरबाई: माझी चेकर कुठं गेली?

चष्मेवाला: पैलवान कुठं गेला? पट्टा माझ्या हातात आहे, पुढं कुत्राच नाही.

टेम्पोवाला: फ्रीजचं रिकामं खोकं पळत गेलं तिकडच्या बेडरूममध्ये. वरून बघितलं मी. चार पाय होते त्याला.

कंडक्टरबाई: आणि मांजर? मांजर कुणी बघितली?

टेम्पोवाला: मी डोळे मिटले होते मावशी.

कंडक्टरबाई: जिन्याकडचं दार! दार उघडं आहे!

टेम्पोवाला: सामान आणायचं म्हणजे दार उघडंच ठेवावं लागतं...

कंडक्टरबाई: चेकर! ए चेकर! गेली. गेली ती. या भागातली एक गल्ली तिला ठाऊक नाही. चेकर!

चष्मेवाला: मी खाली बघून येतो. तुम्ही बसा जरा.

कंडक्टरबाई: बसायला जागा कुठं आहे या घरात? सगळी खोकीच खोकी! हौस मेली माझी. चांगली आपल्या खोलीत होते. नोकरीत दिवसभर शेकडो माणसांशी बोलायचे, आणि निवृत्त झाल्यावर घरात आवाज कुणाचा, तर हिचा. दार उघडलं की पिशवी तपासायची. साहेब लोकांनीसुद्धा कधी इतक्या संशयानं तपासली नाही माझी पिशवी. म्हणून तर चेकर नाव ठेवलं. आणि तिलाच मी... नाही. सापडली की तिला उचलते आणि जाते. रविवार कशाला, आजच.

चष्मेवाला: बरं.

कंडक्टरबाई: बरं?

चष्मेवाला: आधी ती सापडू दे. मग तुम्हाला जायचंच असेल तर मी स्वतः पोचवून येतो. चेकरची टोपली मी धरतो. पण एक सांगतो, तो टॉवेल मी परत देणार नाही.

कंडक्टरबाई: काय करणार त्याचं?

चष्मेवाला: अंग पुसणार. सवय झालीय आता.

टेम्पोवाला: काका, मधेच बोलतो, माफ करा. तिकडं बेडरूममध्ये खोकं आडवं पडलंय. त्याच्या बाजूच्या निळ्या पिशवीला शेपूट आलंय.

चष्मेवाला: निळी पिशवी? माझे मळके शर्ट आहेत त्यात.

टेम्पोवाला: मग शर्ट शेपूट हलवतायत.

कंडक्टरबाई: सरका, मला बघू द्या. अगं बाई! अहो, इकडं या. पाय न वाजवता या. पैलवानाचं डोकं पिशवीत आहे.

चष्मेवाला: घाबरला की माझ्या शर्टांत तोंड खुपसतो तो. पिल्लू होता तेव्हापासून.

कंडक्टरबाई: पण चेकरही आत आहे!

चष्मेवाला: अरे देवा. गुरगुरतोय का?

कंडक्टरबाई: नाही. चाटतोय. तिचा कान चाटतोय हो!

चष्मेवाला: आणि ती?

कंडक्टरबाई: एक चापट दिली नाकावर. नखं आत ठेवून. आणि परत कान पुढं केला. ही बया! मला कधी कानाला हात लावू देत नाही.

चष्मेवाला: पण ती माझ्या शर्टांत शिरली कशी?

कंडक्टरबाई: तुम्हीच बघा की विचार करून. दहा दिवस तिच्या टॉवेलानं अंग पुसलंत आणि वर तेच शर्ट घातलेत. या सगळ्या परक्या पसाऱ्यात तिला तिच्या घरचा वास एकाच पिशवीला आला.

चष्मेवाला: आणि पैलवानाला तो वास माझा वाटला! त्याच्या लेखी पिशवीत मीच बसलोय. जरा लहान आणि केसाळ.

कंडक्टरबाई: केसाळ? मग तर ओळखच पटायला नको होती. तुमच्या डोक्यावर आहे काय?

चष्मेवाला: म्हणजे माझं चुकलं नाही म्हणायचं.

कंडक्टरबाई: चुकलंच. पण चूक इतकी मन लावून केलीत, की देवालाही दया आली. डॉक्टरांना सांगायला हवं. टॉवेल कुत्र्याला नको, मालकाला द्या.

चष्मेवाला: कृपा करा, नका सांगू. उद्या एखाद्याला घोडा पाळायचा असेल.

कंडक्टरबाई: हळू हसा ना! डोळे मिटतायत तिचे. बघा, बघा, पाय पसरले. आपल्या घरात असते तशी.

टेम्पोवाला: आता तरी मला उतरवता का? मला अजून एक खेप आहे.

चष्मेवाला: या, खांद्यावर हात ठेवा. ती झोपलीय. इकडं येणार नाही.

टेम्पोवाला: झोपलीय म्हणजे? छातीवर बसलं होतं तेही आधी झोपलेलंच होतं... हां, आलो. आलो खाली. चला, निघतो मी. सगळं झालं. मावशी, ती एक पत्र्याची पेटी तेवढी टेम्पोत आहे. जाताना तुमच्या बहिणीकडे टाकतो, सकाळी बोललात तसं.

चष्मेवाला: पेटी? कसली पेटी?

कंडक्टरबाई: माझीच आहे. सकाळी चुकून चढवली होती यांनी, तर म्हटलं परत न्या.

चष्मेवाला: काय आहे त्यात?

कंडक्टरबाई: थंडीचे कपडे. स्वेटर, शाल, पायमोजे.

चष्मेवाला: थंडीला तर अजून चार महिने आहेत.

कंडक्टरबाई: हो ना. म्हणूनच तर आणायची नव्हती.

चष्मेवाला: असं होय.

टेम्पोवाला: मग निघू ना मी?

कंडक्टरबाई: थांबा दादा. ती पेटी वर आणा.