वांग्याचा पडलेला भाव

पोरं ऑनलाइन परीक्षेत कॉपी करतात म्हणून बोंबलता ना, मंग हे ऐका. अर्थशास्त्राच्या ऑनलाइन वर्गाले मी प्रश्नच असा टाकला, की उत्तर कुठून उचलताच येऊ नये. "तुमच्या बाजारात वांग्याचा भाव का पडला? स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा."

सेलूच्या एका पोरीनं पाठवलं, "मॅडम, सगळ्यायचीच वांगी एकदम निघाली, अन् नागपूरचा व्यापारी आलाच नाई. मंग बाबानं आमची वांगी ढोरायले टाकली."

मागणी-पुरवठा याहून चांगला कोण शिकवीन? मी पैकीच्या पैकी दिले.

आमच्या विभागप्रमुख सरांनी ते ऐकलं अन् निम्मे मार्क कापले. "मॅडम, ही काय भाषा आहे? आणि मुद्दे कुठे आहेत?"

पुढच्या परीक्षेत पोरीनं मोबाइलवरच्या एआयकडून उत्तर लिहून घेतलं अन् जसंच्या तसं वाचून पाठवलं. त्यात बाबा नव्हता, ढोरं नव्हती. शेवटची ओळसुद्धा तिनं सोडली नाई, "आपणास आणखी काही मदत हवी असल्यास अवश्य सांगा."

सरांनी पैकीच्या पैकी दिले. मले म्हणे, "बघा मॅडम, पोरगी किती सुधारली. आणि किती नम्र!"